नागपुरात अपघातात मागचे पाय लुळे पडलेला कुत्रा काही महिने घरी सांभाळायचा आहे. काळजी आणि खर्चाचं कसं जमवावं?

जरूर सांभाळा. पण आधी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवा. मणका दुखावलाय की नुसतं हाड मोडलंय, यावर पुढचं सगळं ठरतं.

मणका असेल तर खरं काम लघवीचं. बऱ्याचदा ती आपली आपण होत नाही. दिवसातून 3-4 वेळा पोट हळूच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. हे डॉक्टरांसमोर स्वतःच्या हातांनी करून बघा, व्हिडिओवर विसंबू नका. लघवी साचली की इन्फेक्शन होतं. दर चार तासांनी कूस बदला. खाली जाड गादी हवी आणि ती कोरडी हवी, ओल्या कातडीला जखमा लगेच होतात. मे महिन्यात कूलर लागेलच. रेबीजची लस तुम्हीही घ्या.

खर्चाचं म्हणाल तर, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून कुत्रा आणत असाल तर औषधं, ऑपरेशन कोण भरणार ते लेखी घ्या. लोकांकडे मागताना दवाखान्याचा अंदाजित खर्च दाखवा, पैसे थेट दवाखान्यातच भरायला सांगा, प्रत्येक बिल पैसे देणाऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका. ऑपरेशनला लोक मनापासून देतात. चौथ्या महिन्यातल्या डायपरसाठी मात्र कुणी फिरकत नाही. त्यामुळे दरमहा थोडं थोडं देणारे चार-पाच जण आजच पक्के करा.