वावरात बसून परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधात खरंच काही करता येतं का?

तुम्ही विचारलंय की बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यात राहून या शोधात हातभार लावायचा तर किती मोठी दुर्बीण घ्यावी, आणि लोणारला उल्केसोबत जीव आले हे खरं का.

दुर्बीण घेऊ नका. ‘आधी 8 इंची घे, मग बघू’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यात होतकरू पोरांचे पैसे अडकतात. साध्या डॉब्सोनियनमधून (हातानं फिरवायच्या स्टँडवरची दुर्बीण) शनीची कडी झकास दिसेल, पण ती ताऱ्यामागे आपोआप फिरत नाही, म्हणून या कामाला कुचकामी. इथं बघायचं काहीच नाही, मोजायचं आहे: दूरच्या ताऱ्याचा ग्रह त्याच्यासमोरून गेला तेव्हा ताऱ्याचा उजेड किती टक्के उतरला. त्याला जुना डीएसएलआर, 200 ते 300 मिमीची लेन्स, दणकट ट्रायपॉड आणि स्टार ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांच्या चालीनं हळूहळू फिरवणारं छोटं यंत्र) पुरतो.

सुरुवात एचडी 189733 पासून करा. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, 7.7 प्रतीचा तारा आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). त्याचा गुरूएवढा ग्रह दर 2.2 दिवसांनी समोरून जातो, उजेड 2.4 टक्क्यांनी उतरतो आणि सगळं सुमारे 1 तास 50 मिनिटांत उरकतं. ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी 7 ला तो आपल्याकडे जवळपास डोक्यावर असतो. अधिक्रमणाच्या, म्हणजे ग्रह समोरून जाण्याच्या, आधी एक तास आणि नंतर एक तासही टिपावा लागतो, नाहीतर उजेडातला खड्डा कशाच्या तुलनेत मोजणार? एक्सोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस या वेबसाइटवर अक्षांश-रेखांश टाकले की तारखा मिळतात. वेळ जागतिक असते, त्यात साडेपाच तास मिळवा.

विजेची चिंता नको. फवारणी पंपातली 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासाची बॅटरी एका अधिक्रमणाच्या चार तासांना पुरते, फक्त दिवसा फवारणी झाली असेल तर आधी चार्ज करून घ्या आणि निम्म्याखाली उतरवू नका. कॅमेऱ्याला डमी बॅटरी (आतल्या बॅटरीच्या जागी बसणारा, बाहेरून कॅमेऱ्याच्या व्होल्टची वीज देणारा ठोकळा) लावा. मध्येच बॅटरी बदलली की चौकट हलते आणि आलेख तिथंच तुटतो. लेन्सवर दव बसू नये म्हणून 330 ओहमचे 1 वॅटचे 10 रेझिस्टर समांतर जोडून पट्टी करा, 12 व्होल्टवर साधारण 4.4 वॅट उष्णता मिळते. कार्तिकात ओलिताच्या वावराशेजारी ही पट्टी नसेल तर लेन्स नऊ वाजताच पांढरी पडते.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्यावर लावायचा. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम 20 अंश वर असतो, म्हणजे गोठ्याच्या किंवा निंबाच्या आड. उत्तर मोकळी असलेली जागा दिवसाच हेरून ठेवा.

फोटो रॉ मध्येच, आयएसओ 200, 30 ते 60 सेकंद. जेपीईजीत उजेडाचं प्रमाण मोडतं, मग मोजणीला अर्थ उरत नाही. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा, नाहीतर निम्मी रात्र वाया जाते. फोकस मुद्दाम बिघडवा! तारा 10-12 पिक्सेलांवर पसरला पाहिजे. टोकदार तारा एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर सरकतो तेव्हा खोटा चढ-उतार दिसतो, शिवाय मधला पिक्सेल भरून जातो. ऑटोफोकस बंद करून फोकसची रिंग सेलोटेपनं चिकटवा. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलशी सेकंदापर्यंत जुळवा. आधी तिन्हीसांजेला लेन्सवर पांढरं धोतर ताणून आकाशाचे 20 फोटो, शेवटी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे 20, लेन्सचे डाग आणि कॅमेऱ्याचा गोंगाट नंतर काढून टाकायला.

फोटोंतून उजेड मोजायचं ॲस्ट्रोइमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फक्त हिरवा रंग वेगळा काढा आणि त्याच चौकटीतले, जमेल तितक्या सारख्या रंगाचे दोन-तीन तारे तुलनेला धरा. आधी ते एकमेकांशी ताडून पाहा. त्यांचाच उजेड कमीजास्त होत असेल तर तुमचा खड्डा म्हणजे चुलीचा धूर किंवा पातळ ढग.

‘खेड्यात अंधार, म्हणून खेड्यात बरं’ हे मला पटत नाही. 7.7 प्रतीच्या ताऱ्याला अंधाराची फारशी गरज नसते, हवा चार तास एकसारखी लागते. ऑक्टोबरात पाऊस निघून गेला की ती आपल्याला मिळते. ही खरी कमाई.

आता जीवसृष्टी. एचडी 189733 च्या या ग्रहावर ती नाही. तो ताऱ्याला चिकटून फिरतो, हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर उजेड 0.0084 टक्के उतरेल, आणि तुमच्या एकेका फोटोतली चूकच अर्धा टक्का असते. वातावरणातले वायू ओळखायला अंतराळातली वेब दुर्बीणच हवी, आणि तिथंही वाद आहेत: 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18 बी या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडच्या (पृथ्वीवर मुख्यतः सजीवांपासून येणाऱ्या वायूच्या) खुणा दिसल्याचा 2025 चा दावा इतर गटांनी खोडायला घेतला.

मग काही शहाणे म्हणतात, हा जीवसृष्टीचा शोध नव्हेच. चूक. ग्रहाच्या फेरीच्या वेळेतली बारीक चूक वर्षानुवर्षं साचत जाते, आणि महागडी दुर्बीण चुकीच्या वेळी ताऱ्याकडे बघत बसू नये म्हणून कुणीतरी ती वेळ पुन्हा मोजावी लागते. नासाचा एक्सोप्लॅनेट वॉच उपक्रम हौशी लोकांकडून हेच काम करून घेतो. मात्र एचडी 189733 ची वेळ आधीच पक्की आहे, तो हात बसवायला. गरज असते ती 11-12 प्रतीच्या ताऱ्यांना, आणि त्यांना मागोमाग फिरणारी 5-6 इंची दुर्बीण लागते. तेव्हा घ्या, आत्ता नको.

लोणार: नाही. धडकेत बेसाल्ट वितळून काच झाली, त्यातून जीव उतरले असं मानायला कसलाच पुरावा नाही. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्यांचे भाऊबंद पृथ्वीवरच्या इतर खाऱ्या सरोवरांतही आहेत. मंगळाशी तुलना होते ती बेसाल्टमधल्या त्या 1.8 किमीच्या विवरामुळे.

आणि ट्रायपॉड काळ्या मातीत थेट रोवू नका. ओलीत झालेल्या वावरात पाय तासाभरात खचतात आणि तारा चौकटीबाहेर जातो. तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे घाला, किंवा सरळ धुऱ्यावरची टणक जागा धरा.