न्यूरोएथिक्सच्या अभ्यासकाचा प्रभाव एच-इंडेक्सवरून ठरवावा का?

आपण लिहिले आहे की न्यूरोएथिक्स, म्हणजे मेंदूविज्ञानातून उठणाऱ्या नैतिक प्रश्नांचा अभ्यास, यातील ज्या विदुषीच्या कामावर आपल्याला पीएचडी करायची आहे, तिचा एच-इंडेक्स अवघा 11 आहे आणि त्यामुळे "हिचा प्रभाव तो किती?" असे मार्गदर्शक विचारतात. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. संशोधन समितीपुढे हा आकडा शेवटचा शब्द असल्यासारखा मांडला जातो, हे मला चांगले ठाऊक आहे. माझ्या मते या विषयात तो आकडा फार थोडे सांगतो आणि कधीकधी चुकीचेही सांगतो.

एच-इंडेक्स 11 म्हणजे तिच्या किमान 11 लेखांचा प्रत्येकी किमान 11 वेळा इतरांनी उल्लेख केला आहे. हे माप 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवले आणि ते विषयागणिक बदलते हेही त्यानेच त्या लेखात नमूद केले होते. मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून दहाबारा जणांच्या नावाने वर्षाला अनेक लेख निघतात. नीतिशास्त्राचा अभ्यासक बहुधा एकटा लिहितो आणि त्यातले बरेचसे लेखन पुस्तकांतील प्रकरणांच्या रूपात असते, जे स्कोपससारख्या, लेखांचे उल्लेख मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये पुरेसे येतही नाही. शिवाय हा विषय तरुण आहे. त्याला स्वतंत्र ओळख मिळाली ती 2002 च्या सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेनंतर, आणि 'न्यूरोएथिक्स' हे नियतकालिक सुरू झाले 2008 मध्ये.

आता सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखांतील उल्लेख, पुष्कळ असली तरी काय होऊ शकते ते पाहा. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून जे उपचार करतात, त्यांनी माणसाचे व्यक्तिमत्त्वच बदलते, असे विधान न्यूरोएथिक्सच्या साहित्यात वर्षानुवर्षे होत राहिले. फ्रेडरिक गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी त्या साहित्याचा माग काढला, तेव्हा या विधानामागचा प्रत्यक्ष पुरावा फारच तुटपुंजा असल्याचे आढळले. बहुतेक लेखक एकमेकांचा हवाला देत होते. ज्यांनी ते विधान केले त्यांची सायटेशन वाढली, पण रुग्णाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून उल्लेख किती झाले याच्या आधी ते कोणी आणि कशासाठी केले, हे वाचून पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि समित्या ते टाळतात.

या विषयाचा खरा परिणाम कायद्यात, न्यायालयात आणि रुग्णालयाच्या संमतिपत्रात दिसतो. मार्सेलो इयेंका आणि रोबेर्तो आन्दोर्नो यांनी 2017 मध्ये मेंदूतील माहितीची गोपनीयता हा मानवी हक्क मानावा, असा युक्तिवाद केला. त्याच वर्षी राफाएल युस्ते आणि इतरांनी 'नेचर'मध्ये याच दिशेने मांडणी केली. चिलीने 2021 मध्ये मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले. 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका अमेरिकी कंपनीला माजी सिनेटरच्या मेंदूलहरींची नोंद पुसून टाकण्याचा आदेश दिला. हा प्रवास कोणत्याही एच-इंडेक्समध्ये उमटत नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. कुठे मोठा गुन्हा घडला की आमच्याकडे पानठेल्यावरसुद्धा "त्याची नार्को करा", म्हणजे औषध देऊन गुंगीत चौकशी करा, असे सहज म्हटले जाते. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली आणि त्याची चर्चा जगभर झाली. त्यानंतर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि मेंदूलहरींची चाचणी सक्तीने करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे) आणि 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) विरुद्ध असल्याचा निकाल दिला. निकालपत्रात परदेशी विधी-नियतकालिकांतील लेखांचा आधार घेतलेला आढळतो. संमतीने चाचणी करण्याची वाट मात्र न्यायालयाने मोकळी ठेवली, आणि माझ्या मते संशोधनाला खरा वाव तिथेच आहे: पोलीस कोठडीत बसलेल्या, सही करताना हात थरथरणाऱ्या एखाद्या शेतमजुराची संमती संमती म्हणावी काय?

मार्गदर्शकांना हे पटवायचे असेल तर परदेशी दाखला देण्याची गरज नाही. गडचिरोलीत अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 39 गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. त्या लेखाची सायटेशन कितीही असोत, त्याचे मोल घरोघरी जाणाऱ्या आशाताईच्या पिशवीतील वजनकाट्यावरून अधिक कळते.

तेव्हा आपल्या विदुषीच्या लेखनाचा उल्लेख न्यायनिर्णयांत, युनेस्को किंवा ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) यांच्या शिफारशींत, रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांच्या नियमावलीत आणि इतर विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत कुठे आला आहे, ते शोधा. बहुतेक कागदपत्रे संकेतस्थळांवर मोफत मिळतात, आणि भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आहेच. काहीच सापडले नाही, तर तेही सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, स्पष्ट लिहा. तसे असेल तर मार्गदर्शकांची शंका रास्त ठरेल आणि विषय बदलण्याचा विचार करावा लागेल. समिती एच-इंडेक्स विचारणारच, म्हणून तो कोणत्या डेटाबेसमधून आणि कोणत्या तारखेला घेतला, यासह पहिल्याच पानावर देऊन ठेवा.