सोलापुरात घर बांधणाऱ्यांसाठी: पाया आणि पाणी
सोलापुरात बऱ्याच ठिकाणी काळी माती लागते, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया ठरलेल्या फुटांवर न थांबवता घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदून घ्या आणि खड्डा स्वतः उतरून पाहिल्याशिवाय पीसीसी (पायाच्या तळाशी टाकायचा साध्या काँक्रीटचा थर) टाकू देऊ नका. निघालेली काळी माती जोत्यात भरायचा आग्रह कोणी धरला तर तो मुळीच मानू नका, भरावाला मुरूमच आणा. स्लॅब शक्यतो एप्रिल-मेमध्ये टाळा. टाकावाच लागला तर पहाटे काम सुरू करा, स्लॅब घट्ट झाल्यावर त्यावर वाफे करून पाणी भरा आणि पीपीसी (राख मिसळलेले पोझोलाना) सिमेंट असेल तर अशा कोरड्या उन्हात किमान 14 दिवस ते आटू देऊ नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे हौद मात्र सर्वांत आधी बांधून घ्या.