सेहेचाळिसाव्या वर्षी इतिहासाचा वर्ग

प्रश्न : माझं वय ४६. विमा कंपनीच्या क्लेम विभागात वीसेक वर्षं नोकरी करते आहे. आलेली बिलं आणि दाखले खरे की बनावट, हे तपासणं हे माझं रोजचं काम. इतिहास शिकायची पहिल्यापासून ओढ होती, पण नोकरी लवकर मिळावी म्हणून कॉमर्स घेतलं. आता एका कॉलेजात इतिहासाच्या पदवीचे संध्याकाळचे वर्ग आहेत. सनावळ्या या वयात पाठ होतील का? तरुण मुलांपुढे टिकेन का? ‘याचा पुढे उपयोग काय?’ असं घरचे विचारतात, त्यांना काय सांगू?

उत्तर : तुमच्या कामाचा उल्लेख तुम्ही ओळख करून देण्यापुरता केला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण कागद तपासण्याची सवय हे या विषयातलं तुमचं सर्वांत मोठं भांडवल आहे.

लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० साली एक प्रसिद्ध दानपत्र तपासलं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेकडची सत्ता पोपच्या हाती सोपवली, असं त्यात लिहिलेलं होतं आणि पोपच्या राजकीय अधिकाराचा पुरावा म्हणून ते शतकानुशतकं पुढे केलं जात होतं. वाल्लाच्या लक्षात आलं की, दानपत्र ज्या वेळचं म्हणून सांगितलं जातं, त्या वेळी कॉन्स्टँटिनोपल शहर वसलेलंच नव्हतं, तरी त्यात त्या शहराचा उल्लेख आहे. शिवाय त्यातली लॅटिन भाषा बरीच नंतरची होती. दानपत्र बनावट ठरलं. एखाद्या बिलावरची तारीख आणि मजकूर जुळत नाही म्हणून तुम्ही क्लेम बाजूला काढता, तेव्हा तुमचं डोकं याच पद्धतीने चालत असतं. हा कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता, हे प्रश्न वीस वर्षांच्या मुलाला शिकवावे लागतात. तुम्हाला ते आपोआप पडतील.

सनावळ्यांची धास्ती शाळेने घातलेली आहे. घटनांचा क्रम डोक्यात हवाच, नाहीतर कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कळणार नाही. पण पदवीच्या पातळीवर एखादी क्रांती कोणत्या वर्षी झाली यापेक्षा ती का झाली, याबद्दल दोन इतिहासकारांचं का पटत नाही आणि तुम्हाला कोणाचं म्हणणं पुराव्याला धरून वाटतं, याला जास्त महत्त्व असतं. वाचता वाचता कालपट हाताने लिहून काढत गेलात, तर बऱ्याच तारखा आपसूक लक्षात राहतील.

वयाचं म्हणाल, तर कामकरी माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग ही फार जुनी परंपरा आहे. लंडनमधलं बर्कबेक कॉलेज १८२३ साली कारागिरांची संस्था म्हणून सुरू झालं आणि नोकरदारांना संध्याकाळी शिकवणं हीच त्याची ओळख राहिली. एरिक हॉब्सबॉमसारखा इतिहासकार १९४७ पासून तिथे शिकवत होता. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यॉर्कशरमध्ये प्रौढांचे वर्ग घ्यायचे. इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या घडणीवरचा त्यांचा १९६३ सालचा ग्रंथ गाजला. वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून आपण पुष्कळ शिकलो, हे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते. पगार, संप, कर्ज, स्थलांतर यांवर चर्चा निघेल तेव्हा तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल. ते संकोचाने गिळून टाकू नका.

तुमची खरी दमछाक होईल ती लिहिताना. ऑफिसातलं टिपण आटोपशीर असतं, त्यात निष्कर्ष आधी येतो. इतिहासाच्या निबंधात एक मुद्दा मांडायचा, त्याला पुरावा द्यायचा, विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे सांगायची आणि मग आपलं मत द्यायचं. हे सरावाशिवाय जमत नाही. आजपासूनच कोणतंही एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा आणि लेखकाचं म्हणणं एका पानात लिहा. सारांश नको, त्याचा युक्तिवाद लिहा. पहिली काही पानं मनासारखी उतरणार नाहीत. तरी लिहीत राहा. वाचनासाठी रोज थोडा पण ठरलेला वेळ ठेवा. सगळं सुट्टीच्या दिवसावर ढकललंत, तर दुसऱ्या सत्रापर्यंत वर्ग सुटण्याची भीती आहे.

आता घरच्यांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नका. या पदवीने तुमचा आजचा पगार भरून निघेल अशी नोकरी मिळण्याची शक्यता कमी आहे. म्हणून नोकरी सोडू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. शिकवायचं असेल तर पदवीच्या पुढची पात्रता लागते, त्यात आणखी काही वर्षं जातील. अभिलेखागार आणि संग्रहालयांत कागदांची सूची करणं, जुन्या संस्थांचे इतिहास लिहिणं, अभ्याससहलींना माहिती देणं, अशी कामं आहेत. तुमच्या क्षेत्रातल्या जुन्या कंपन्यांच्या दप्तरांवर काम करायला तर विमा समजणारा माणूस हवाच असतो. ती वाट मात्र हळूहळू, निवृत्तीच्या सुमारास उघडेल असं धरून चला. आणि घरच्यांना हेही सांगा की, मला हे शिकायचं आहे. एवढं कारण पुरेसं आहे, त्यावर उपयुक्ततेचं पांघरूण घालायची गरज नाही.

फी भरण्यापूर्वी पदवीला मान्यता आहे का ते पाहा, मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि एका तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. शिक्षक पुराव्याबद्दल बोलतात की नुसत्या नोट्स उतरवून देतात, हे त्या एका तासात कळेल. नोट्सच उतरवून देत असतील, तर दुसरा वर्ग शोधा किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाहा. थेट पदवीचं ओझं वाटत असेल, तर आधी एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. निबंध तपासून मिळतील असाच निवडा.