९९ म्हणजे ताप का हो?

प्रश्न: संध्याकाळी थोडी कणकण वाटली, थर्मामीटर ९९ दाखवतो, मी लगेच गोळी घेते. सासूबाई म्हणतात गोळी कसली, लंघन कर नि पेज पी. नवरा म्हणतो ९८.६ च्या वर गेलं म्हणजे ताप, विषय संपला. हा आकडा ठरवला कोणी? – एक वाचक

उत्तर: आकडा जर्मनीतल्या लाइपझिगचा. तिथल्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी जवळपास २५ हजार पेशंटचा ताप पुन्हा पुन्हा मोजून १८६८ मध्ये पुस्तक काढलं. त्यांचा थर्मामीटर वीतभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरायचा, हुडहुडी भरलेल्या माणसाचं काय होत असेल बघा! (पाच मिनिटांत काम करणारा सहा इंची इंग्लंडात ऑलबट नावाच्या डॉक्टरांनी १८६६ च्या सुमारास आणला.) तर वुंडरलिशची सरासरी निघाली ३७ सेल्सियस, फॅरनहाइटमध्ये ९८.६. म्हणजे मूळ आकडा गोल, दशांश नुसता गुणाकारातून आलाय, पण दशांश दिसला की आपल्याला वाटतं काय बारीक मोजलंय. आणि त्यांनी स्वतः निरोगी माणसाची वरची हद्द १००.४ धरली होती, पहाटे कमी नि संध्याकाळी जास्त असतं हेही लिहिलेलं, ते मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी लोकांचं मोजलं तर सरासरी ९८.२ आली.

वुंडरलिशचं खरं काम वेगळंच. तोवर ताप हाच आजार समजत, त्यांनी रोजचे चार्ट काढून दाखवलं की ताप हे लक्षण आहे, आजार दुसराच.

आता सासूबाई. चरकसंहितेत ज्वराच्या सुरुवातीला लंघनच सांगितलंय आणि त्यानंतर यवागू, म्हणजे आपली पेजच की! फक्त शोकाने, श्रमाने किंवा क्षयाने आलेल्या तापात लंघन नको असंही तिथेच आहे, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. दिवसभर राबून अंग मोडून आलं असेल तर चरकही तुम्हाला जेवा म्हणेल.

गोळीचं म्हणाल तर ती जंतू मारत नाही. आजारपणात मेंदूतलं तापमानाचं बटण प्रोस्टाग्लँडिन नावाच्या, शरीरातच बनणाऱ्या रसायनामुळे वर सरकतं, गोळी ते खाली आणते इतकंच. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून विकली जात होती पण ती प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवलं, तोवर लोक नुसतेच गिळत होते. तेव्हा संध्याकाळच्या ९९ ला गोळी नको, १००.४ च्या वर गेला तर वेळेसकट कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या.