गृहकर्जाचे दोन हप्ते थकलेत, बँक घर कधी ताब्यात घेऊ शकते?

नोकरी गेल्यामुळे दोन हप्ते थकलेत, वसुलीवाले फोनवर 'पुढच्या आठवड्यात कुलूप लावू' म्हणतात, खरंच लावतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही लावू शकत. मी कर्जवसुली न्यायाधिकरणात कर्जदारांच्या बाजूने वकिली करतो. माझ्याकडे बहुतेक लोक फार उशिरा येतात, तुम्ही वेळेत विचारलंत हे बरं झालं. आणि हो, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकीचे फोन आले तर बँकेकडे लेखी तक्रार करा.

थकलेल्या पहिल्या हप्त्यापासून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत खातं होतं. कोर्टात न जाता तारण घराचा ताबा घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा तोवर बँकेला वापरताच येत नाही. (कर्ज पतसंस्थेचं असेल तर तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला लागतो, तो रस्ता वेगळा.) सगळ्यात मोलाचे दिवस हेच. पूर्ण थकबाकी जमत नसेल तरी एक हप्ता भरा. तो सहसा सर्वांत जुन्या थकबाकीत वळता होतो आणि दिवसांची मोजणी मागे येते. एनपीए झाल्यावर मात्र सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. आजच शाखेत अर्ज द्या, नोकरी गेल्याचं पत्र जोडा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणं पुढे कुठेच कामाला येत नाही.

एनपीएनंतर सरफेसीच्या कलम १३(२) ची नोटीस येते. त्यात कर्जाचा तपशील, एनपीएची तारीख, येणं असलेली रक्कम आणि फ्लॅटच्या चतुःसीमा असतात. आकडा बघून छातीत धस्स होतं, कारण थकलेल्या हप्त्यांऐवजी अख्खं कर्ज मागितलेलं असतं. भरायला मुदत ६० दिवस. पुष्कळ जण पोस्टमनला 'घरी कोणी नाही' सांगून पाकीट परत पाठवतात. तसं अजिबात करू नका. नोटीस दारावर चिकटवून आणि वर्तमानपत्रात छापूनही बजावता येते, आणि तेवढे दिवस तुमचेच जातात. या मुदतीतच लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. भरलेले पैसे जमा धरले नसतील, व्याज चुकीचं लावलं असेल, तर ते इथे मांडायचं.

म्हणजे कागदोपत्रीसुद्धा पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच महिने होईपर्यंत ताबा घेता येत नाही. त्यानंतरही पहिल्यांदा बहुतेक वेळा सांकेतिक ताबा असतो: दारावर नोटीस लागते, ७ दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, तुम्ही घरातच राहता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतं ते तेव्हा, आणि लोक तिथेच खचतात. पण या कारवाईपासून ४५ दिवसांत न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे ती आहेत. दिवाणी कोर्टात वेळ घालवू नका, तिथे हे प्रकरण चालत नाही. घर प्रत्यक्ष रिकामं करून घ्यायला बँक सहसा जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आदेश आणते.

मग लिलाव. पहिल्या विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. 'लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरून सोडवू' या भरवशावर राहू नका. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच घर सोडवण्याचा हक्क राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच ठामपणे सांगितलं.

हप्ते झेपणारच नाहीत असं दिसत असेल तर घर स्वतः विका. लिलावात सहसा भाव पडतो. १३(२) ची नोटीस आल्यावर विकायला बँकेची लेखी संमती लागते, म्हणून गिऱ्हाईक त्याआधीच शोधायला लागा. आणि लिलाव झालाच, तर कर्ज आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम तुमची असते. तिचा हिशेब बँकेकडे लेखी मागा.