सिगार, पावसाळा आणि सत्तरचा आकडा

पावसाळा तोंडावर आला की सिगार घरात कशा ठेवायच्या याविषयीची पत्रं वाढतात आणि बहुतेक पत्रांत एकच आकडा असतो, सत्तर टक्के आर्द्रता. तो आकडा आपल्या हवेत जसाच्या तसा पाळला तर नुकसान होतं, हे मला मनापासून सांगायचं आहे. म्हणून पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : भावाने दुबईहून लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, आणून दिला. सोबतच्या कागदावर आर्द्रता ७० टक्के ठेवा असं लिहिलंय. जूनपासून काटा ७८-८० च्या खाली येतच नाही आणि मी आत पाण्याचा थेंबही घातलेला नाही. काय करू? (दादर, मुंबई)

पाणी घातलं नाहीत ते उत्तम केलंत. आता झाकणाला लावलेला स्पंजही काढून ठेवा.

सत्तर टक्क्यांचा नियम एकटा आलेला नाही. त्याच्या जोडीला ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१ अंश सेल्सिअस, हे तापमान आहे. थंड देशांत हिवाळाभर खोल्या गरम ठेवतात, त्यामुळे घरातली हवा कोरडी पडते. तिथे ह्युमिडॉरचं काम ओलावा पुरवण्याचं असतं. मुंबईत जुलैमध्ये बाहेरची आर्द्रता दिवसचे दिवस ८० च्या वर असते आणि खोली २८-३० अंशांवर. इथे ओलावा अडवायचा आहे. लाकडी पेटी, कितीही चांगली असली तरी, थोडी हवा आत-बाहेर करतेच. पावसाळ्यात ती बाहेरचा दमटपणा शोषून आत पोचवत राहते.

आपल्याकडे ६२ ते ६७ टक्क्यांच्या मध्ये राहावं, असं माझं ठाम मत आहे. मी ६५ धरतो. क्युबाच्या सिगार तर अनेक जाणकार थंड देशांतसुद्धा ६२-६५ वरच ठेवतात. आर्द्रता ७५ च्या पुढे रेंगाळली की बुरशीला आमंत्रण असतं. तुम्ही ७० वर ठेवलंत आणि मीटर चार-पाच टक्क्यांनी चुकीचं असलं, तर तुम्ही कड्यावरच उभे असता. ६५ वर चुकायला जागा उरते.

दुसरं कारण ओढण्याचं. सिगारच्या आत भरलेली पानं ओलाव्याने फुगतात आणि बाहेरचं नाजूक पान ताणून फाटतं. धूर ओढायला जोर लागतो, एका बाजूने जळते, मध्येच विझते, चव आंबट-कडवट होते. बऱ्याच लोकांना वाटतं सिगारच हलकी निघाली. प्रत्यक्षात ती नुसती ओली असते.

तेव्हा ऑक्टोबरपर्यंत लाकडी पेटी रिकामी करा. रबरी कडेचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात ६५ टक्क्यांची दुतर्फा पाकिटं टाका. बोव्हेडा हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. आत क्षारांचं संपृक्त द्रावण असतं, त्यामुळे पाकीट ओलावा देतंही आणि घेतंही. साठ ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारच्या जागेला पुरतं. एकाच डब्यात वेगवेगळ्या आकड्यांची पाकिटं मात्र ठेवू नका, ती एकमेकांशीच झुंजत बसतात. पाकीट कडक झालं म्हणजे त्यातलं पाणी संपलं. उलट ते पाणीदार होऊन डचमळायला लागलं, तर डबा कुठून तरी हवा खातो आहे.

डबा उघडला की आकडा उडतो म्हणून घाबरू नका. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत २४ अंशांवर आणि ६५ टक्क्यांवर मिळून जेमतेम ०.१४ ग्रॅम पाणी असतं. त्याच डब्यातल्या २५ सिगारमध्ये ते ३० ग्रॅमच्या वर असतं. झाकण मिनिटभर उघडल्याने हवा बदलते, पानं बदलत नाहीत. त्रास देते ती रात्रंदिवस चाललेली बारीक गळती.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ वर जातो. सिगारची वरची पानं तडकतात. कूलरच्या खोलीत ठेवू की फ्रिजमध्ये? (नागपूर)

दोन्ही नको. मे महिन्याच्या दुपारी विदर्भातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून पानं तडकतात. कूलर सुरू केला की खोली दमट होते, बंद केला की पुन्हा कोरडी. या चढउतारात सिगार रोज फुगते आणि आकसते, आणि ते कायमच्या कोरडेपणापेक्षा वाईट. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा सतत कोरडी करतो, शिवाय कांद्या-लसणाचा वास पानांत शिरला की निघत नाही.

कोरडेपणावर वर सांगितलेला घट्ट डबा आणि ६५ चं पाकीट पुरेल. तुमच्याकडे खरी अडचण तापमानाची आहे. घरातली सर्वांत आतली, उन्हाची भिंत नसलेली खोली आणि तिथलं खालचं कपाट निवडा, माळा कधीही नको. संग्रह मोठा असेल तर वाईन कूलर, म्हणजे वाईन ठेवायचा छोटा फ्रिज, घ्या आणि १६ ते १८ अंशांवर लावा. डबा बंद करूनच त्यात ठेवा. तापमान कमी केलं म्हणून आर्द्रतेचा आकडा वाढवावा लागतो, असं काहीजण सांगतात. तसं करू नका. तंबाखूचं पान किती पाणी धरून ठेवतं हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर, म्हणजे मीटर दाखवतो त्या टक्क्यांवर, ठरतं.

एक काळजी मात्र घ्या, विशेषतः मुंबई-कोकणातल्या वाचकांनी. जुलैमधल्या ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेतली वाफ २६ अंशांच्या वस्तूवरही पाणी होऊन बसते. एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर धुकं येतं ते त्यामुळेच. १८ अंशांवरची सिगार अशा हवेत उघडी काढली तर ती दवाने भिजते. आधी झिपच्या पिशवीत बंद करा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

प्रश्न : माझ्याकडे दोन हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे मीटर) आहेत. एक ६१ दाखवतो, दुसरा ७०. खरा कोणता? (कोथरूड, पुणे)

कदाचित एकही नाही. घरच्या मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं खाण्याचं मीठ भरा, त्यावर थोडेसेच थेंब पाणी टाका. मीठ विरघळू द्यायचं नाही, नुसतं ओलसर करायचं. ते झाकण आणि दोन्ही मीटर एका झिपच्या पिशवीत घालून २४ तास बंद ठेवा. ओल्या मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते आणि आपल्या खोलीतल्या तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. मीटर ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी सांगतो, तेवढं मनात मिळवा किंवा चावी असेल तर जुळवून घ्या. ह्युमिडॉरच्या दर्शनी भागावर बसवलेली पितळी काट्याची घड्याळं दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. डिजिटल मीटर घ्या आणि वर्षातून एकदा मिठाची परीक्षा द्यायला लावा.

प्रश्न : काही सिगारवर पांढरी पूड दिसते. विकणारा म्हणतो, हे चांगल्या मुरण्याचं लक्षण आहे. पुसून ओढाव्यात का? (म्हापसा, गोवा)

सिगारचे शौकीन याला प्लूम म्हणतात. पानातली तेलं वर येऊन त्यांचे स्फटिक झाले, असं सांगितलं जातं. या गोष्टीवर मोठा वाद आहे आणि माझा कल संशयाकडे आहे. गोव्याच्या हवेत दिसणारी पांढरी पूड ही बुरशी आहे असं धरूनच चालावं. ठिपके लोकरीसारखे उठून दिसत असतील, गोल गोल असतील, निळसर-हिरवट झाक असेल किंवा पुसल्यावर पानावर डाग राहत असेल, तर शंकेला जागाच नाही.

सिगारचं उघडं असलेलं, पेटवायचं टोक पाहा. तिथे, आतल्या पानांत बुरशी दिसली तर ती सिगार टाका. वरवर थोडी असली तर पुसता येते असं पुष्कळजण मानतात. मी टाकून द्या म्हणेन, कारण त्या बुरशीचा धूर तोंडात घ्यायचा आहे. उरलेल्या सिगार वेगळ्या करा, डबा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा, पाकीट नवीन घाला आणि आकडा ६२ वर आणा. विक्रेत्याच्या कपाटातला मीटर काय दाखवतो तेही पुढच्या वेळी विचारा.

प्रश्न : एका सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आहेत. (ठाणे)

कीड आहे, आणि तुमच्या स्वयंपाकघराला ती ओळखीची आहे. जुन्या हळकुंडांना, धण्यांना, सुक्या मिरचीला लागणारा बारीक तपकिरी भुंगेरा हाच. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. अंडी बहुधा पानाबरोबरच येतात आणि थंडाव्यात निपचित राहतात. २४-२५ अंशांच्या पुढे, दमट हवेत, त्यांचं फावतं. १८ च्या खाली वाढ जवळपास थांबते. म्हणून आर्द्रतेइतकंच तापमानाकडे लक्ष द्या.

भोकं पडलेली सिगार बाहेर काढा. बाकीच्या दुहेरी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये निदान तीन दिवस ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तितका थंड होत नसेल तर आठवडाभर राहू द्या. मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर, आणि या सगळ्या वेळात पिशवी बंदच. घाईने गरम केलं तर वरचं पान फाटतं. सिगारचा डबा मसाल्यांच्या कपाटात ठेवत असाल तर आजच हलवा.

प्रश्न : सुताराकडून पेटी करून घेतोय. तो म्हणतो सीडर म्हणजे आपला देवदारच. चालेल? (नाशिक)

नाही, थांबवा त्याला. ह्युमिडॉरला लागणारं ते स्पॅनिश सीडर खरं सीडरही नाही आणि स्पेनचंही नाही. मध्य-दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचं सेड्रेला ओडोराटा हे ते झाड, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. देवदार पाइनच्या कुळातला, राळेचा. त्याचा वास सिगारचा वास गिळून टाकेल. सागाचं तेलही नडतं. आपल्याकडचा तून हा सेड्रेलाचा जवळचा नातलग आहे, पूर्वी त्याला त्याच प्रजातीत धरत. पण पुरता वाळलेला तून मिळण्याची खात्री नसेल तर आतून महोगनी लावा. आत पॉलिश नाही, वॉर्निश नाही, प्लायवुड नाही, कारण गोंदाचा वास वर्षभर जात नाही.

स्पष्टच सांगायचं तर नाशिकच्या पावसाळ्याला मी लाकडी पेटी करूच नये म्हणेन. सिगारच्या रिकाम्या खोक्यांतल्या पातळ सीडरच्या फळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात अंथरा. तो सुगंधही मिळतो आणि लाकूड चढउतार सोसून घेतं.

प्रश्न : इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरात आर्द्रता २५ टक्के. लाकडी ह्युमिडॉर ५५ च्या वर जात नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

तुमची अडचण दादरच्या वाचकाच्या नेमकी उलटी, आणि तुमच्यासाठी ६९ चं पाकीट योग्य. पण आधी लाकूड भिजलेलं हवं. पेटीतून सिगार काढा, ८४ टक्क्यांची पाकिटं घालून चौदा दिवस झाकण न उघडता ठेवा. कोरडं लाकूड आधी स्वतःची तहान भागवतं आणि ते पाणी सिगारमधूनच ओढतं. ओल्या फडक्याने आतून पुसायची जुनी पद्धत मला आवडत नाही, लाकूड वाकतं.

प्रश्न : काकांच्या कपाटात सिगारचं खोकं सापडलं. दहा-बारा वर्षं तसंच पडलेलं. वाचवता येईल? (कोल्हापूर)

वरचं पान अखंड असेल तर प्रयत्न करा, पण हळू. थेट ६९ वर टाकलीत तर बाहेरचं पान आधी फुगेल, आतलं मागे राहील आणि सिगार उभी चिरेल. आधी खोकं झाकण बंद ठेवूनच घट्ट डब्यात ठेवा, ५८ च्या पाकिटावर दोन-तीन आठवडे, मग ६२ वर तितकेच, मग ६५ वर. पान पुन्हा लवचीक होईल. उडून गेलेली सुगंधी तेलं मात्र परत येत नाहीत, तेव्हा चव फिकी लागेल अशी तयारी ठेवा.

खोक्यावर इटलीचं तोस्कानो असं नाव असेल तर हा खटाटोप नको. धुरावर वाळवलेल्या केंटकी तंबाखूच्या पानांच्या त्या सिगार कोरड्याच असतात. १८१५ साली फ्लॉरेन्समध्ये उघड्यावरची तंबाखू पावसात भिजली, ती आंबली, आणि त्यातून हा प्रकार जन्मला अशी कथा सांगतात. कोरड्या पद्धतीच्या डच सिगारही खोलीतच राहतात.

प्रश्न : नीट मुरलेली, योग्य ओलाव्याची सिगार सिगारेटपेक्षा कमी घातक असते ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. ओलाव्याने चव आणि जळणं सुधारतं, धुरातलं विष कमी होत नाही. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं आणि तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. ओढत नसाल तर सुरू करू नका.

प्रश्न : सेलोफेनचं वेष्टन काढून ठेवायचं का? (पनवेल)

दोन्ही चालतं. सेलोफेनमधून ओलावा सावकाश जातो-येतो. कोकणपट्टीत मी वेष्टन ठेवतो, कारण एका सिगारला कीड किंवा बुरशी लागली तर शेजारच्या सिगारकडे जायला तिला वेळ लागतो. व्हॅनिला, कॉफी अशा वासांच्या सिगार मात्र वेष्टनात असल्या तरी वेगळ्या डब्यातच ठेवा.